फुंकेचा ऑर्केस्ट्रा माइकसमोर बसतो तेव्हा

विंड ऑर्केस्ट्राचा अल्बम पहिल्यांदा लावणाऱ्याची तक्रार ठरलेली असते. सुरुवातीला नीट ऐकूच येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर दोन-तीन मिनिटांत बास ड्रमचा असा ठोका बसतो की घरातले सगळे दचकतात. रेकॉर्डिंग खराब आहे का? आणि एकाच अल्बमवर अठराव्या शतकातला संगीतकार हॅन्डल, त्याच्या शेजारी बाख आणि मग १९०९ सालचा होल्स्ट, ही कसली पंगत? मुळात हा बँडच ना? मग त्याला ऑर्केस्ट्रा कशाला म्हणायचं?

हे सगळे प्रश्न एका खऱ्या ध्वनिमुद्रणावरून सोडवता येतात. ४ आणि ५ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात, सेव्हरन्स हॉलमध्ये, 'क्लीव्हलंड सिंफॉनिक विंड्स' या वादकसमूहाचं ध्वनिमुद्रण झालं. संचालक, म्हणजे छडीनं वादकांना चालवणारे, होते फ्रेडरिक फेनेल आणि ध्वनिमुद्रण कंपनी होती टेलार्क. होल्स्टचे दोन सुइट (सुइट म्हणजे काही भागांची मिळून एक रचना), हॅन्डलचं आतषबाजीचं संगीत आणि बाखची एक फँटसिया (मुक्त बांधणीची रचना) एवढाच मजकूर. जुन्या तबकड्या जमवणारे त्यातल्या बास ड्रमबद्दल अजून बोलतात.

हा बँड की ऑर्केस्ट्रा?

आपल्याकडे वाद्यांचे चार वर्ग पूर्वीपासून आहेत: तारांची ती तत, फुंकायची ती सुषिर, कातडं मढवलेली ती अवनद्ध आणि एकमेकांवर आपटायची ती घन. नेहमीच्या पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातून ततवाद्यं, म्हणजे व्हायोलिनचा सगळा ताफा, काढून टाकला की जे उरतं आणि वाढवलं जातं, तो विंड ऑर्केस्ट्रा. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, सॅक्सोफोन, मग ट्रंपेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा आणि मागे तालवाद्यं. क्वचित एखादा डबल बास असतो, तेवढीच तार.

वरातीतल्या बँडमध्येही यातली निम्मी वाद्यं असतात. फरक वाद्यांत नाही, वाटणीत आहे. वरातीत आठजण एकच चाल वाजवतात, कारण उघड्यावर, चालत्या गर्दीत आवाज पोचवायचा असतो. फेनेल यांनी १९५२ मध्ये रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतविद्यालयात उलटा प्रयोग केला. नव्वदेक वादकांचा ताफा निम्म्यावर आणायचा आणि शक्य तिथे प्रत्येक ओळीला एकच वादक ठेवायचा. दिंडीत शंभर टाळ वाजत असतात, एखादा चुकला तरी कळत नाही. मैफलीत तबलजी एकटा असतो, त्याची मात्रा हलली तर शेवटच्या रांगेपर्यंत कळतं. 'विंड एन्सेम्बल' या शब्दातली मेख हीच. 'विंड ऑर्केस्ट्रा', 'सिंफॉनिक विंड्स' ही त्याच घरातली नावं.

वेगवेगळ्या काळातल्या रचना एकत्र का?

कारण फक्त सुषिरवाद्यांसाठी मोठ्या संगीतकारांनी लिहिलेला साठा व्हायोलिनवाल्यांच्या मानानं लहान आहे आणि तो विखुरलेला आहे. जे आहे ते फार निरनिराळ्या प्रसंगांसाठी लिहिलेलं आहे.

हॅन्डलचं उदाहरण घ्या. २७ एप्रिल १७४९ रोजी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये शांतता-तहाच्या आनंदात सरकारी आतषबाजी होती. राजाला तिथे लष्करी वाद्यं हवी होती, व्हायोलिन नको होती. हॅन्डलनं २४ ओबो, १२ बसून, ९ ट्रंपेट, ९ हॉर्न आणि नगाऱ्यांच्या तीन जोड्या मांडल्या. आज एवढे ओबोवादक जमवणं म्हणजे काय प्रकार असतो हे १९५९ मध्ये संचालक चार्ल्स मॅकेरस यांना कळलं. मूळ वाद्यसंख्येनिशी ध्वनिमुद्रण करायचं तर लंडनमधले २६ ओबोवादक एकाच वेळी मोकळे हवेत, आणि ते मोकळे होणार सगळे कार्यक्रम आटोपल्यावर. म्हणून १३ एप्रिलच्या रात्री उशिरा सगळे एका चर्चमध्ये जमले आणि मध्यरात्रीनंतर, म्हणजे हॅन्डलच्या द्विशताब्दी पुण्यतिथीला, ते मुद्रण पार पडलं.

बाखची फँटसिया मुळात चर्चच्या ऑर्गनसाठी आहे. ऑर्गन म्हणजे हजारो शिट्ट्या आणि एक भाता, तेव्हा ती फुंकेच्या वाद्यांना बसते यात नवल नाही.

होल्स्टचे सुइट (१९०९ आणि १९११) मात्र थेट लष्करी बँडसाठीच लिहिलेले. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचा, त्यामुळे कोणत्या वाद्याचा दम कुठे संपतो हे त्याला ठाऊक होतं. पहिल्या सुइटचा पहिला भाग 'शाकोन' आहे. शाकोन म्हणजे काय ते आपल्याला चटकन समजेल: तबल्याच्या सोलोत पेटीवर तोच लेहरा फिरत राहतो आणि त्यावर तबला रंग बदलतो, तसंच. आठ मापांचा (माप म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) एक लेहरा सुरुवातीला ट्यूबा आणि युफोनियम हळू आवाजात मांडतात, मग तो वाद्यावाद्यांतून फिरतो, एकदा चक्क उलटा होतो आणि शेवटी सगळा ताफा पूर्ण ताकदीनं उभा राहतो. दुसऱ्या सुइटमध्ये लोहाराच्या गाण्यासाठी खरीखुरी ऐरण वाजवतात.

आता ध्वनिमुद्रकाची अडचण बघा. आतषबाजीला मैदानी थाट हवा, ऑर्गनच्या रचनेला घुमणारी जागा हवी आणि ऐरणीच्या ठोक्याला कडक, कोरडा आवाज हवा. सभागृह मात्र एकच असतं, आणि दोन दिवसांत सगळं आटपायचं असतं.

ओठांचं वेळापत्रक

व्हायोलिनचा गज दिवसभर फिरू शकतो. ओठांचं तसं नाही. ट्रंपेट किंवा हॉर्न वाजतं ते ओठ थरथरल्यामुळे, आणि ओठ हा स्नायू आहे. वरच्या सप्तकात पंधरा-वीस मिनिटं सलग वाजवलं की तो थकतो. आधी सूर किंचित घसरतात, मग फुटतात, मग निघतच नाहीत. म्हणून ध्वनिमुद्रणाचा क्रम अल्बमवरच्या क्रमाप्रमाणे नसतो. तीन तासांचं एक सत्र धरलं तर पहिली वीस मिनिटं आवाज जुळवण्यात जातात, तेव्हा मध्यम जोराचं काहीतरी वाजवतात. सगळ्यात अवघड, उंच आणि जोरकस भाग त्यानंतर लगेच घेतात. मग विश्रांती. विश्रांतीनंतर लाकडी वाद्यांचे नाजूक भाग, म्हणजे पितळी मंडळींचे ओठ सावरतात. एवढं करून तीन तासांत हाती लागतं साधारण १५ ते २० मिनिटांचं वापरण्याजोगं संगीत.

श्वासाचाही प्रश्न असतो. लांब सूर धरायचा असेल तर एकाच ओळीवरचे दोन वादक आळीपाळीनं श्वास घेतात. सनईच्या जोडीला सूर धरणारा नुसता सूर देत बसतो, तोही सूर तुटू नये म्हणूनच. पण फेनेल यांच्या पद्धतीत ओळीला वादक एकच. तेव्हा श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवून पेन्सिलनं खूण करून ठेवावं लागतं. माइक जवळ असला तर तो श्वासही ऐकू येतो. थोडा येऊ द्यावा. तो पार पुसून टाकलेली मुद्रणं कानाला मेणासारखी लागतात.

खोली तापली की सूर चढतो

या कामात सर्वांत जास्त घोळ कशानं होत असेल तर तपमानानं. फुंकेच्या वाद्यात कंप पावते ती आतली हवा. हवा गरम झाली की तिच्यातून ध्वनी वेगानं जातो आणि सूर वर जातो. २० अंश सेल्सियसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, आणि प्रत्येक अंशाला तो साधारण ०.६ मीटरनं वाढतो. सा आणि कोमल रे यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्या एका भागाला 'सेंट' म्हणतात. या हिशेबानं एका अंशाला सूर जवळपास ३ सेंट चढतो. प्रत्यक्षात वादकाचा श्वास आतली हवा आधीच कोमट ठेवतो, त्यामुळे थोडा कमी चढतो, पण चढतो.

सभागृहात होतं असं. वातानुकूलन यंत्राची घरघर माइकला ऐकू येते म्हणून ते बंद करतात. चाळीस-पन्नास माणसं, वर दिवे. तासाभरात खोली तीन-चार अंशांनी तापते. सगळे एकत्र चढत असल्यामुळे वादकांना काही जाणवत नाही. ते जाणवतं नंतर, दहा वाजताच्या टेकचा (एका वेळी सलग वाजवून घेतलेल्या मुद्रणाचा) तुकडा साडेअकराच्या टेकला जोडायला घेतल्यावर. जोडाच्या जागी सूर पायरी चढल्यासारखा उडी मारतो.

त्यात धातूच्या पट्ट्यांची वाद्यं, म्हणजे ग्लॉकेनश्पील वगैरे, गरम झाली की उलट किंचित उतरतात. म्हणजे एक पक्ष वर, दुसरा खाली. पट्ट्यांना काही करता येत नाही, तेव्हा सुरुवातीलाच त्यांचा सूर प्रमाण धरून बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. ट्रंपेटची जुळवणीची स्लाइड ४ मिलीमीटर बाहेर काढली की नळी ८ मिलीमीटरनं लांबते (नळी दोन्ही बाजूंनी सरकते म्हणून दुप्पट) आणि सूर सुमारे १० सेंटनं उतरतो. ट्यूबाची नळी सरळ केली तर साडेपाच मीटरच्या आसपास भरते. ती तापायला वेळ लागतो, म्हणून टेकच्या आधी ट्यूबावाले आवाज न काढता नुसती गरम फुंक आत सोडत बसलेले दिसतात.

यावर उपाय साधेच आहेत. दर विश्रांतीला वातानुकूलन सुरू करायचं, भिंतीवर तपमापक ठेवायचा, प्रत्येक टेकपूर्वी एकाच ठरलेल्या सुराशी ताडून बघायचं, आणि एका भागाचे सगळे टेक एकामागोमाग घ्यायचे. दुसऱ्या दिवशी 'तेवढी चार मापं परत घेऊ' म्हणणं बहुधा महागात पडतं.

ट्यूनर बरोबर असूनही सूर बेसूर?

हो, होतं. तंबोरा नीट लागला की षड्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो स्वयंभू गंधार पेटीतल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटनं खाली असतो. इलेक्ट्रॉनिक ट्यूनर पेटीच्या बाजूचा आहे. विंड ऑर्केस्ट्रात लांब स्वरसंघ (एकाच वेळी वाजणारे वेगवेगळे सूर) धरला आणि त्यातला गंधार ज्याच्याकडे आहे त्यानं ट्यूनरचा हिरवा दिवा पाळला, तर सगळा संघ डळमळतो. त्यानं ओठ सैल करून गंधार तेवढा उतरवला की आवाज एकदम जमतो, वर एक न वाजवलेला सूर झळकतो. व्हायोलिनच्या ताफ्यात कंपनांनी या गोष्टी झाकल्या जातात. क्लॅरिनेट बहुधा सरळ, न थरथरणारा सूर लावतो, तिथे झाकायला काही नाही.

माइक कुठे लावायचा?

पहिला गैरसमज असा की आवाज वाद्याच्या भोंग्यातून येतो. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनचा येतो, आणि तोही थेट समोर, टॉर्चच्या झोतासारखा. क्लॅरिनेटचा बहुतेक आवाज उघड्या भोकांतून येतो. भोंग्याशी माइक लावला तर काही सूर ठळक आणि काही गायब. ट्यूबाचं तोंड छताकडे असतं. हॉर्नचं तर मागे. हॉर्नवाल्यांच्या पाठीशी लाकडी भिंत असेल तर त्यांचा आवाज गोल होऊन पुढे येतो, पडदा असेल तर ते हॉलमध्ये असून नसल्यासारखे.

म्हणून आधी माणसं बसवायची, मग माइक. टेलार्कची त्या काळची पद्धत म्हणजे सगळ्या दिशांनी ऐकणारे अवघे तीन माइक, संचालकाच्या आसपास उंचावर. त्याआधी पन्नासच्या दशकात ईस्टमनच्या वादकांची मुद्रणं मर्क्युरी कंपनीनं एकाच टांगलेल्या माइकवर केली होती. एका माइकमध्ये नंतर कमीजास्त करायला काही उरत नाही. ट्रॉम्बोन जास्त होतोय? खुर्ची अर्धा मीटर मागे घ्या, नाहीतर भोंगा खाली, नोटेशनच्या स्टँडकडे झुकवा.

मग प्रत्येक वाद्याला स्वतंत्र माइक लावून नंतर जुळवलं तर? चित्रपटगीतांत करतातच की. इथे अडचण अशी की बासरीच्या माइकमध्ये मागचा ट्रॉम्बोन मुक्कामाला येतो. बासरी वाढवली की ट्रॉम्बोनही वाढतो, आणि तोही चुकीच्या वेळी. ध्वनीला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. मुख्य माइकपासून ८ मीटर लांब एखाद्या वाद्यापाशी मदतीचा माइक लावला, तर त्याचा आवाज सुमारे २३ मिलिसेकंद मागे ढकलावा लागतो, नाहीतर तेच वाद्य दोनदा ऐकू येतं. मदतीचे माइक आज सर्रास लावतात. पण ते मिठासारखे, चिमूटभर.

याच हिशेबामुळे मागचे तालवादक कानावर विसंबत नाहीत. ते १२ मीटर मागे असतील तर पुढच्यांचा आवाज त्यांच्यापर्यंत ३५ मिलिसेकंदांनी पोचतो, आणि त्यांचा आवाज पुढे यायला आणखी ३५. ऐकून वाजवणारा दुप्पट मागे पडतो. त्यानं संचालकाच्या छडीकडे बघायचं आणि सगळ्यांच्या किंचित आधी मारल्यासारखं मारायचं.

खरखर कुठून येते?

साइड ड्रमच्या खालच्या तारा हा जुना गुन्हेगार. हॉर्न किंवा ट्यूबानं विशिष्ट सूर लावला की ड्रमला कुणी हात न लावताही तारा झिणझिणतात. ड्रम वाजत नसेल तेव्हा खटका खाली करून तारा सुट्या ठेवणं हाच उपाय, आणि हेच विसरलं जातं. त्यानंतर नंबर सैल स्टँडचा, करकरणाऱ्या खुर्चीचा आणि पितळी नळीत साठलेल्या पाण्याचा. लोक त्याला थुंकी म्हणतात. ती बहुतांशी श्वासातली वाफ असते, थंड धातूवर निवलेली. ती काढली नाही तर सूर गुळण्या केल्यासारखा येतो.

मग १९७८ च्या मुद्रणात विशेष काय?

जपानमध्ये डेनॉन कंपनीनं १९७२ पासून डिजिटल मुद्रणं सुरू केली होती. टेलार्कचं हे मुद्रण अमेरिकेतल्या अगदी पहिल्या व्यावसायिक डिजिटल मुद्रणांपैकी. यंत्र होतं टॉमस स्टॉकहम यांच्या साउंडस्ट्रीम कंपनीचं. ते सेकंदाला ५०,००० वेळा आवाज मोजायचं आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांच्या पट्टीवर लिहून ठेवायचं.

त्यानं काय साधलं? सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातल्या अंतराला 'डायनॅमिक रेंज' म्हणतात. त्या काळच्या चांगल्या टेपवर हे अंतर साधारण ६० ते ७० डेसिबल मावायचं. त्याहून हळू वाजवलं तर आवाज टेपच्या सुसकाऱ्यात बुडायचा, त्याहून मोठं वाजवलं तर फाटायचा. म्हणून तंत्रज्ञ बटणावर हात ठेवून हळूचं मोठं आणि मोठ्याचं हळू करत बसायचे. नव्या यंत्रावर अंतर ९० डेसिबलच्या घरात गेलं. एकट्या ट्यूबाच्या कुजबुजीपासून बास ड्रमच्या पूर्ण ठोक्यापर्यंत सगळं, मध्ये हात न घालता. या कसोटीला विंड ऑर्केस्ट्राच हवा होता, कारण त्याचा पल्लाच तेवढा.

गंमत अशी की ते विकलं गेलं ते तबकडीवरच, कारण सीडी यायला १९८२ उजाडायचं होतं. तबकडीत खर्ज जितका जोराचा तितकी खोबण जास्त नागमोडी. साध्या ग्रामोफोनची सुई अशा ठोक्याला खोबणीतून उडायची.

तुकडे जोडणं ही फसवणूक नाही का?

मैफलीत एक सूर फुटला तर पुढच्या क्षणी विसरला जातो. मुद्रणात तो दर वेळी त्याच जागी फुटतो, आणि तिसऱ्यांदा ऐकणारा त्याची वाटच बघत बसतो. म्हणून जोड देतात, पण कुठेही नाही. जोराच्या ठोक्याच्या अगदी आधी किंवा सगळे एकत्र श्वास घेतात तिथे. सुराच्या मध्यावर किंवा मागची घुमार विरत असताना कापलं तर नव्या टेकमध्ये ती घुमार नसते आणि कानाला खड्डा जाणवतो. चांगला निर्माता आधी अख्खा भाग एका दमात दोनदा घेतो आणि मगच दुरुस्त्यांचे तुकडे घेतो, म्हणजे जोडकामाला पाठीचा कणा राहतो. लय मात्र जोडून येत नाही. दुसऱ्या टेकला संचालक जरा घाईत असेल तर ते तुकडे पडूनच राहतात.

फोनवर ऐकलं तर चालेल?

फोनच्या स्पीकरला साधारण २०० हर्ट्झच्या खाली फारसं काही जमत नाही. बास ड्रमचा गाभा त्याच्या कितीतरी खाली, ट्यूबाचे खालचे सूरही तिथेच. ज्यासाठी दोन दिवस खुर्च्या हलवल्या तेच गळून जातं. तारेचा साधा हेडफोनही चालेल. ॲपमधली आवाज समान करणारी सोय बंद करा. आवाजाची पातळी सुरुवातीच्या ट्यूबावर ठरवू नका. आधी शाकोनचा शेवट लावून सोसेल इतका आवाज ठेवा आणि मग पहिल्यापासून ऐका. सुरुवात हळूच वाटेल, ती तशीच लिहिली आहे.

आणि शफल बंद ठेवा. पहिल्या सुइटचे तिन्ही भाग एकाच सुरावटीतून निघालेत, तेव्हा ते मध्ये न थांबता सलग वाजवावेत, अशी सूचना होल्स्टनं स्वरलिपीतच लिहून ठेवली आहे.